रामलिंगला येताना गाडी अभयारण्याबाहेर ठेवा

वाशी, पारगाव, सरमकुंडी, तेरखेडा, येरमाळा, कळंब, येडशी, बार्शी या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे, आणि ती श्रावण लागायच्या आत पोचली पाहिजे. येडशीच्या रामलिंगाला दर्शनाला या. लेकराबाळांना घेऊन या, धबधबा बघा, डोळे भरून हिरवाई बघा. पण पेट्रोल-डिझेलची गाडी अभयारण्याच्या हद्दीबाहेर उभी करा. शेवटचा टप्पा ज्यांना चालवतो त्यांनी चालत जावं. ज्यांना चालवत नाही, म्हणजे म्हातारी माणसं, गरोदर बाया, कडेवर लेकरू असलेल्या आया, त्यांच्यासाठी विजेवर चालणारी गाडी उभी असली पाहिजे. ती आज नाही. ती आपण मागितली तरच मिळणार आहे, आणि मागायची वेळ आत्ताची आहे.

आत्ताचीच का, तेही सांगतो. ताडोबाचा गाभा दरवर्षी जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. पावसाळ्यात रस्ते खचतात हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या दिवसांत जंगलाला उसंत हवी असते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बालाघाटाच्या या उतारांवरचं झुडपी जंगल पावसाळ्यातच जागं होतं. मोर याच दिवसांत ओरडतो, पिसारा फुलवतो. माळावरचे कितीतरी पक्षी याच दिवसांत घरटी करतात. बेडूक, साप, सरडे ओल्या रस्त्यावर येतात. आणि वर्षातली सर्वांत मोठी गर्दी, श्रावणी सोमवारची गर्दी, याच दिवसांत गाड्या घेऊन दरीच्या तोंडाशी येऊन थांबते. देवाचं कॅलेंडर आपण बदलू शकत नाही, बदलायचंही नाही. बदलायची आहे ती फक्त यायची रीत.

येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण बावीस चौरस किलोमीटर. हा आकडा कागदावर नुसता वाचला तर कळत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सतराशे चौरस किलोमीटरांहून मोठा आहे, म्हणजे आपल्या अभयारण्याच्या सत्तरपटीहून जास्त. आपलं अख्खं जंगल चौकोनी कल्पिलं तर त्याची एक बाजू पावणेपाच किलोमीटर भरेल. ताडोबातल्या जनावराला गाडीचा आवाज आला तर ते चार डोंगर पलीकडे जाऊ शकतं. येडशीतल्या जनावराने जायचं कुठे? एका बाजूला सोलापूर-बीड-छत्रपती संभाजीनगर हा चौपदरी महामार्ग धावतो, दुसरीकडे बार्शीचा रस्ता, आणि उरलेल्या अंगाला गावं, शेतं, विहिरी. सायलेन्सर काढलेली एक बुलेट या दरीत शिरली की जवळपास अर्ध्या जंगलाला तिची खबर लागते.

आणि याच एवढ्याशा जंगलात वाघ आला. डिसेंबर २०२४ मध्ये वनविभागाच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो मिळाला. पट्ट्यांवरून ओळख पटली: यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. स्वतःसाठी मुलूख शोधत तो सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत आला होता. वाटेत किती महामार्ग, किती कालवे, किती उसाचे फड त्याने ओलांडले असतील, कल्पना करा. वनाधिकाऱ्यांनी त्याला नाव दिलं, ‘रामलिंग’. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं, २०२५ मध्ये पथकं आली, आठवडेच्या आठवडे मागावर राहिली, पण तो हाती लागला नाही. धाराशिव, बीड आणि सोलापूरच्या बार्शी तालुक्याच्या शिवेवरून तो फिरत राहिला. ज्यांची गाय-वासरं त्याने मारली त्यांचं नुकसान खरं आहे, आणि त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण त्याच्या येण्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. मराठवाड्यातल्या ज्या जंगलाला लोक मंदिरामागचं रान समजत होते, ते एका वाघाला थांबावंसं वाटण्याइतकं जिवंत आहे. बिबटे, तरस, लांडगे, रानडुकरं, मोर इथे आधीपासून आहेत. वाघामुळे आपलं तिकडे लक्ष गेलं, इतकंच.

आता गाडीने नेमकं काय होतं ते बघू. रामलिंगचं मंदिर दरीच्या तळाशी आहे, चहूबाजूंनी डोंगर. अशा जागेत हवा मोकळी खेळत नाही, विशेषतः पावसाळी, ढगाळ, वारा पडलेल्या दिवशी. गाड्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये रेंगाळतात, चढाला जोर लावतात, उभ्या असतानाही एसीसाठी इंजिन चालू ठेवतात. डिझेलचं इंजिन सर्वांत जास्त काजळी सोडतं ते अशा वेळी. ती काजळी पानांवर बसते, झऱ्यात उतरते, आणि रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच लेकरांच्या छातीत जाते. हा धूर निदान डोळ्यांना दिसतो. आवाजाचं तसं नाही. जंगलातलं निम्मं जगणं कानावर चालतं. मोर, वानर, चिंकारा धोका दिसला की इशारा देतात आणि तो ऐकून बाकीचे जीव पळतात. मादी पिलांना हाक मारून बोलावते. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीची असते, ती दूरवर जाते आणि असे आवाज दाबून टाकते. इशारा ऐकू आला नाही की जीव जातो. माणसाला तो मेलेला जीव दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की काहीच झालं नाही.

गाडी बाहेर ठेवून देवाला जाणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. भीमाशंकर बघा. तेही अभयारण्य आहे, १९८५ पासूनचं, शेकरूचं घर, आणि मधोमध ज्योतिर्लिंग. महाशिवरात्रीला आणि श्रावणात तिथे खासगी गाड्या अलीकडे वाहनतळावर थांबवतात आणि पुढे एसटी नेते. सप्तशृंगी गडावर नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबतात, वर जाते ती एसटीच. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हीच व्यवस्था असते. तिथल्या भाविकांची श्रद्धा यामुळे कमी झाली नाही. रामलिंगची गर्दी त्या क्षेत्रांच्या मानाने लहान आहे, त्यामुळे आपलं काम अधिक सोपं आहे. फरक इतकाच हवा की आपल्या पुढच्या टप्प्याची गाडी डिझेलची नसावी. एसटीकडे विजेवरच्या बस आहेत. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून २०२२ रोजी पहिली ई-शिवाई धावली. १९४८ मध्ये पहिली एसटीही १ जूनलाच याच मार्गावर धावली होती. ज्या महामंडळाने खेड्यापाड्यांना रस्ता दाखवला, त्याला श्रावणातल्या चार-पाच सोमवारांसाठी दोन-तीन छोट्या विजेवरच्या गाड्या येडशीला देणं अशक्य नाही. कळंब, भूम आणि धाराशिव आगारांकडे ही मागणी लेखी गेली पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल, नाहीतर मागणी अर्धवट राहील. गाडी विजेवरची झाली म्हणजे सगळं झालं, असं नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ ही वाघीण तिच्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि सफारीच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवलं. फोटोसाठी. त्याचं चित्रण सगळ्या राज्याने पाहिलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाडीचालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. त्या सगळ्या गाड्या विजेवरच्या असत्या तर ती वाघीण अडली नसती का? अडलीच असती. धूर झाला नसता, एवढाच फरक. म्हणून मागणी दोन पायांवर उभी आहे: आत जाणाऱ्या गाड्या स्वच्छ हव्यात, आणि त्या मोजक्या व सावकाश चालणाऱ्या हव्यात. विजेवरची गाडी आवाज करत नाही, त्यामुळे वळणावर जनावराला ती कळत नाही. तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जाऊच नये. आणि उद्या येडशीत सफारी सुरू करायची मागणी जोर धरेल तेव्हा हे लक्षात ठेवा. जुन्या उद्यानांत वर्षानुवर्षं पेट्रोलच्या जिप्सी फिरतात. मारुतीने त्या बनवणं २०१८-१९ च्या सुमारास थांबवलं, तरी जुन्या गाड्या बदलता बदलता तिथल्या लोकांच्या नाकी नऊ येत आहेत, कारण कर्ज काढून घेतलेली गाडी कोण भंगारात देईल? आपल्याकडे अजून एकही जिप्सी नाही. सुरुवातच विजेवर केली तर हा गुंता होणारच नाही.

जगात हे काम पूर्वीच सुरू झालं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५ मध्ये एक पिकअप गाडी मोहरीच्या जातीच्या बियांपासून काढलेल्या तेलाच्या इंधनावर चालवायला घेतली. धूर कमी झाला, पण त्याला तळणाचा वास येऊ लागला. अधिकाऱ्यांना काळजी वाटली की या वासाने अस्वलं रस्त्यावर येतील का? म्हणून आधी बंदिस्त ठेवलेल्या अस्वलांवर चाचणी घेतली, ती त्या वासाकडे ओढली जात नाहीत याची खात्री केली, मगच गाडी पुढे वापरली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इंधन बदलताना त्यांनी आधी अस्वलाचा विचार केला. झायन हे अमेरिकेतलंच दुसरं उद्यान तर रामलिंगसारखंच, खोल दरीचं. तिथे गाड्यांनी दरी इतकी कोंबली की २००० मध्ये हंगामात खासगी गाड्या बंद करून बस सुरू केल्या. त्या बस सुरुवातीला प्रोपेन वायूवर चालत होत्या. २०२४ मध्ये सगळ्या विजेवर आल्या. दरीत नदीचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

आता कुणी विचारेल, वीज कुठून आणायची? ती तरी कोळशाचीच ना? प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजूनही कोळशावर होते, आणि शेजारच्या परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे हाल आपण पाहिले आहेत. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं. पण वाशीच्या माणसाने घराबाहेर येऊन माळाकडे बघावं. वाशी, भूम, कळंबच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. श्रावणात, जेव्हा रामलिंगला गर्दी असते, तेव्हा या पठारावरचा वारा जोरात असतो. या पवनचक्क्यांच्या जमिनींवरून, रस्त्यांवरून, मोबदल्यावरून आपल्या भागात वाद झाले आहेत, अजून होत आहेत. शेतकऱ्याचा हक्क त्यात बुडता कामा नये. पण ज्या माळावर वीज तयार होते, त्या माळाच्या माणसांनी आपल्या वाट्याला काय आलं हे विचारायचं की नाही? आपण एवढंच मागू: येडशीला, महामार्गालगतच्या वाहनतळावर, शेडवर सौर पॅनेल बसवलेलं चार्जिंग केंद्र, आणि त्याला जोडलेल्या मोजक्या गाड्या. या कामासाठी फार मोठा निधी लागणार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात एक ओळ लागेल.

इथेनॉलबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपला जिल्हा उसाचा आहे. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, इथेनॉलच्या यंत्रणेत बदल करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला, तो दिवस आपण विसरू शकत नाही. आपल्या माणसांना यंत्र बदलून दाखवता येतं, याचा तो पुरावा आहे. पण पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं, म्हणून जंगलात पेट्रोलची गाडी चालेल, हे मला मान्य नाही. इथेनॉल मिसळल्याने इंजिनाचा आवाज थांबत नाही. शिवाय ऊस पाणी पितो, आणि आपला हा दुष्काळी मुलूख आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे येडशीवरूनच गेली. ती ज्यांनी पाहिली, त्यांना उसाच्या इंधनाची किंमत वेगळी सांगायला नको. मात्र साखर कारखान्यातून निघणारं प्रेसमड आणि गोठ्यातलं शेण यांच्यापासून बायोगॅस करता येतो, त्यासाठी नवा ऊस लावावा लागत नाही. वनविभागाच्या गस्तीच्या गाड्यांना, पाण्याच्या टँकरला, मोठ्या बसला हा वायू चालेल. दरीच्या आत मात्र वीजच हवी.

या बदलात ज्यांच्या पोटावर पाय येईल असं वाटतं, त्यांच्याशी मला थेट बोलायचं आहे. येडशी स्टेशनपासून, फाट्यापासून भाविकांना नेणारे टमटमवाले, काळी-पिवळीवाले आपलेच आहेत. श्रावणाच्या महिन्यावर त्यांचं कितीतरी अवलंबून असतं. विजेवरच्या गाड्या बाहेरच्या कंपनीला ठेक्याने देऊन या माणसांना हुसकावलं तर मी या आवाहनातून माझं नाव काढून घेईन. माथेरानचं उदाहरण समोर आहे. तिथे मोटारगाड्यांना पूर्वीपासून बंदी. माणसं हातरिक्षा ओढत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली आणि ई-रिक्षा त्याच हातरिक्षा ओढणाऱ्यांना मिळतील अशी योजना करायला सांगितलं. गुजरातमधल्या केवडियाच्या ई-रिक्षांचा नमुना त्यासाठी पुढे ठेवला. जो आधीपासून राबतो, नवी गाडी पहिल्यांदा त्याला, हाच नियम येडशीला हवा. नारळ-फुलं विकणाऱ्या बायांनाही वाहनतळाजवळ पक्की जागा मिळाली तर त्यांचा धंदा वाढेल, कारण चालत जाणारा माणूस थांबतो, गाडीत बसलेला थांबत नाही.

म्हणून आता प्रत्येकाने आपापलं काम उचलावं.

तरुण मित्रांनो, दहा-दहा मोटारसायकली घेऊन धबधब्यावर रील करायला येता, तुमच्यावर राग नाही. आनंद करायचं वय आहे. पण श्रावणी सोमवारी गाड्या येडशीला ठेवा आणि चालत उतरा. रील करायचीच असेल तर चालत येतानाची करा; तुमचं बघून शंभर पोरं तसंच करतील. फटफट करणारा सायलेन्सर आधी बदला. गाडीत लावलेला स्पीकर घरी ठेवा.

घरातल्या मोठ्यांनो, जीप किंवा टेम्पो भरून येताना ड्रायव्हरला आधीच सांगा की हद्दीबाहेर थांबायचं, आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद करायचं. मंडळांनी आणि भजनी दिंड्यांनी तर हे मनावर घेतलं पाहिजे. पंढरीला शेकडो किलोमीटर पायी जाणाऱ्या समाजाला रामलिंगची शेवटची वाट जड नाही.

वनविभागाला विनंती आहे की यंदाच्या श्रावणापासूनच, निदान सोमवारी, आतल्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद कराव्यात आणि फाट्यावर माणसं उभी करावीत. पाटी लावून भागत नाही. केंद्र सरकार अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी ज्या अधिसूचना काढतं, त्यांत वाहनांची ये-जा वन्यजीवांना सोसेल अशी ठेवा आणि स्वच्छ इंधनाला प्राधान्य द्या, असं म्हटलेलं असतं. म्हणजे आपण नवं काही मागत नाही.

आणि सरपंचांनो, ग्रामसेवकांनो, येत्या १५ ऑगस्टला प्रत्येक गावात ग्रामसभा आहे. वाशी, कळंब, धाराशिव आणि बार्शी तालुक्यांतल्या गावांनी त्या दिवशी एक ठराव मांडावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: श्रावणात अभयारण्यात खासगी इंधनगाड्यांना बंदी, येडशीला महामार्गालगत वाहनतळ आणि सौर चार्जिंग केंद्र, विजेवरच्या गाड्यांत स्थानिक चालकांना पहिला हक्क, आणि सफारी कधी सुरू झालीच तर ती फक्त विजेवर, ठरलेल्या संख्येत. ठरावाच्या प्रती जिल्हाधिकारी, वन्यजीव विभाग, एसटीचे विभाग नियंत्रक आणि आपले आमदार-खासदार यांना पाठवाव्यात, आणि पोच घ्यावी. ग्रामसभेला बायांनी मोठ्या संख्येने यावं, कारण उपवास धरून रामलिंगला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच असतात. ठरावावर सह्या घ्यायला तरुणांनी घरोघर जावं. पहिला सोमवार उजाडायच्या आत आपल्या गावातून किती जण चालत जाणार, हे गावाच्या फलकावर लिहून ठेवा.